शेडमधली खुर्ची आणि दिराच्या फोनवरचा ओटीपी

पत्राचा सारांश: पत्रलेखिका तासगाव तालुक्यातील एका गावात राहतात, वय सव्वीस. माहेर जत तालुक्यातले. आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी जोडी, दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांवर जात असे आणि त्या आजीजवळ राहून शिकल्या. कला शाखेतून बारावीला ६१ टक्के गुण मिळाले, एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले, आता पाच वर्षांची मुलगी आहे. गेली चार वर्षे त्या बेदाण्याच्या शेडवर निवडणीचे काम करतात. त्या लिहितात, “आम्ही वीस-पंचवीस बायका खाली बसून बेदाण्यातल्या काड्या आणि काळे दाणे काढतो. दाराजवळ टेबल-खुर्ची टाकून एक मुलगा बॉक्सची वजनं कॉम्प्युटरवर घेतो. आमचा हिशेब दिवसावर, त्याचा पगार महिन्याचा. मला त्या खुर्चीत बसायचं आहे.”

सांगलीतील एका संगणक संस्थेने त्यांना आठ महिन्यांचा, ४२,००० रुपये शुल्काचा ‘संपूर्ण डिजिटल कोर्स’ सुचवला आहे आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देऊ केली आहे. ही रक्कम बचत गटातून कर्ज काढून भरावी, असा त्यांचा विचार आहे. पती टेम्पो चालवतात आणि त्यांची ना नाही; मात्र ‘बाईच्या हातात फोन आला की घराकडं लक्ष राहत नाही’ असे सासूबाईंचे म्हणणे आहे. घरात स्मार्टफोन एकच असून तो पतींकडे असतो. कर्ज काढून कोर्स करावा, आधी पदवी पूर्ण करावी, की ‘आमच्यासारख्यांचं हे कामच नव्हं’ म्हणून विषय सोडून द्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

कर्जाचा प्रश्न तुम्ही सर्वांत वर लिहिला आहे, पण मला उत्तराची सुरुवात तुमच्या पत्राच्या मधोमध, जाता जाता आलेल्या एका वाक्यापासून करायची आहे. लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरताना ओटीपी दिरांच्या फोनवर गेला, ते गाडी घेऊन पुण्याच्या वाटेवर होते, त्यांनी फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली आणि असे तीन वेळा झाले, म्हणून तुमची एका दिवसाची मजुरी बुडाली, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही ही गोष्ट योजनेची तक्रार म्हणून सांगितली. माझ्या मते तुमच्या मूळ प्रश्नाची गाठ इथेच आहे.

तुमच्या आधार कार्डाला दिरांचा नंबर जोडलेला आहे आणि बँकेच्या खात्यालाही तोच आहे. यात त्यांचा काही दोष नाही. ज्या दिवशी गावात शिबिर भरले, त्या दिवशी घरात जो फोन होता त्याचा नंबर दिला गेला, असे असंख्य घरांत झालेले आहे. मात्र त्याचा परिणाम असा की शिष्यवृत्तीसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर आधारने नोंदणी करायची असो, डिजिलॉकर या शासकीय कागदपत्रांच्या ॲपमधून बारावीची गुणपत्रिका काढायची असो किंवा बँकेचा व्यवहार मोबाईलवरून करायचा असो, प्रत्येक ठिकाणी दार उघडण्यासाठी तुम्हाला दिरांच्या फोनची वाट पाहावी लागणार. तुम्ही ४२,००० रुपयांचा कोर्स उत्तम गुणांनी पूर्ण केलात, तरी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी गाडी पुन्हा पुण्याच्या वाटेवर असेल. संगणक शिकण्याआधी स्वतःच्या नावाने व्यवहार करता येणे आवश्यक आहे, आणि त्याला वर्ग लागत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे स्वतःच्या नावावर सिम कार्ड घेणे आणि तो नंबर आधारला जोडणे. नंबर बदलण्याचे हे काम घरबसल्या ऑनलाईन उरकता येईल असे गृहीत धरू नका. खात्रीचा मार्ग म्हणजे आधार केंद्रावर जाऊन अंगठा देणे. त्यासाठी जुना नंबर जवळ असण्याची गरज नसते आणि शुल्कही नाममात्र असते. तालुक्याला जाण्यासाठी रोज बुडवायचा नसेल, तर गावातल्या पोस्टमनकडे चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत अनेक पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात. त्यानंतर बँकेत जाऊन खात्याचा नंबर बदला. एक ईमेल उघडा, त्याचे नाव गुणपत्रिकेवरील नावाशी जुळणारे ठेवा आणि त्याचा पासवर्ड मुलीच्या जन्मतारखेवरून ठरवू नका. तो एका वहीत लिहा आणि ती वही घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. फोनचे म्हणाल, तर त्या संस्थेच्या शुल्काच्या चौथ्या हिश्श्यात कामापुरता चांगला स्मार्टफोन येतो, आणि कर्ज काढायचेच असेल तर या कामासाठी काढलेले लहान कर्ज मला अधिक सुरक्षित वाटते.

आता त्या संस्थेविषयी. हा कोर्स तुम्ही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही ऊसतोड कामगारांच्या घरात वाढलात, त्यामुळे उचल म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मुकादमाकडून पैसे आधी घ्यायचे आणि मग सगळा हंगाम ती रक्कम फेडण्यासाठी राबायचे, हे तुम्ही आईवडिलांच्या बाबतीत पाहिले आहे. कर्ज काढून अशा ‘हमी’च्या कोर्सला बसणे याच्या फार जवळ जाते, फरक एवढाच की इथे काम मिळण्याआधीच अंगावर रक्कम चढते आणि पैसे दुसऱ्याच्या हातात जातात. नोकरीची शंभर टक्के हमी कोणतीही शिकवणी देऊ शकत नाही, कारण नोकरी देणारा मालक तिथे बसलेला नसतो. तरीही तुमच्या मनात शंका राहू नये म्हणून त्या संस्थेत एकदा जा आणि तीन गोष्टी लेखी मागा. मागच्या तुकडीतील किती मुली सध्या कोणत्या गावी, कोणत्या कामावर आहेत; प्रमाणपत्र कोणत्या शासनमान्य मंडळाचे किंवा परिषदेचे आहे; आणि नोकरी न मिळाल्यास शुल्क किती दिवसांत परत मिळेल. उत्तर तोंडी आणि गोड मिळाले, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजा.

आणखी एक. प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका ‘जमा’ करण्याची अट तुम्हाला सांगितली गेली आहे, असे पत्रात आहे. ती कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. माझ्या ओळखीतील एका मुलीची बारावीची मूळ गुणपत्रिका अशाच एका वर्गाने शेवटचा हप्ता येईपर्यंत अडकवून ठेवली, आणि त्या काळात परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रवेशाची मुदत निघून गेली. ती मुलगी त्या दिवशी माझ्यासमोर बसून रडली होती. ते मी विसरलेले नाही.

याच पैशांच्या लहानशा भागात काय होऊ शकते ते पाहू. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा कोर्स २००१ पासून चालू आहे, तालुक्याच्या गावी त्याची केंद्रे आहेत, शुल्क काही हजारांत असते आणि हप्त्यांची सोय असते. शासकीय भरतीत संगणक अर्हता म्हणून हे किंवा समकक्ष प्रमाणपत्र अनेक पदांना मागितले जाते. दुसरी गोष्ट टंकलेखनाची. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या गतीचे शासकीय प्रमाणपत्र लागते, आणि ही संगणक टंकलेखनाची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठीच्या परीक्षेत कोणता कळफलक चालतो, ते शिकायला बसण्याआधी विचारून घ्या, नाहीतर बोटांना एक सवय लागते आणि परीक्षेत दुसरीच मागितली जाते.

याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, ती बँकेमार्फत चालवली जाते आणि तिथले प्रशिक्षण, राहणे व जेवण विनाशुल्क असते. पंधरा ते पस्तीस वयोगटातील गरीब ग्रामीण तरुण-तरुणींसाठी २०१४ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनाही आहे. तुमचा बचत गट उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला असेल, तर तुमच्या प्रभागाच्या समन्वयकांना या दोन्हींचे पुढचे वर्ग कधी आणि कुठे आहेत, संगणकीय हिशेबाचा वर्ग त्यात आहे का, हे विचारा. निवासी वर्ग पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जमणार नाही, हे मला कळते. पण विचारायला काही लागत नाही, आणि गटातल्या एखाद्या अविवाहित मुलीला त्याचा उपयोग होईल.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या खुर्चीत बसलेला मुलगा नेमके काय करतो, हे तुम्ही चार वर्षे समोरून पाहिले आहे, तरी ‘त्याला कॉम्प्युटर येतो, मला येत नाही’ यापुढे तुम्ही विचार केलेला दिसत नाही. तो तारीख लिहितो, शेतकऱ्याचे नाव लिहितो, मालाची प्रत, बॉक्सची संख्या, वजन, निवडणीनंतरची तूट आणि बायकांची मजुरी लिहितो. सात रकाने आणि त्यांची बेरीज. यातली बेरीज संगणक करतो. राहिलेल्या सात गोष्टींपैकी मालाची प्रत आणि तूट या दोन गोष्टी त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतात. हिरवा बेदाणा कुठे पिवळसर पडला आहे, कोणत्या शेतकऱ्याच्या मालात काडी जास्त निघते, पाऊस लागलेला दाणा हाताला कसा लागतो, हे ज्ञान कोणत्याही संगणक वर्गात मिळत नाही. तुम्ही ते मिळवलेले आहे आणि त्याची किंमत शून्य धरून पत्र लिहिले आहे.

म्हणून एक काम सुचवते. फोन हातात आल्यावर त्यात गुगल शीट्स हे तक्ते करण्याचे ॲप घ्या; ते मोफत आहे. पहिला तक्ता तुमच्या स्वतःच्या मजुरीचा करा: तारीख, कोणाचा माल, किती किलो निवडला, किती पैसे ठरले, किती मिळाले. रोज संध्याकाळी पाच मिनिटे. आठवड्याच्या शेवटी बेरजेचे सूत्र घाला आणि शनिवारी हातात पडलेल्या रकमेशी ताडून पाहा. पहिल्या महिन्यात चुका होतील, एखादी ओळ पुसली जाईल, आकडा मराठीत टाकल्यामुळे बेरीज होणार नाही (हे हमखास होते, आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत), पण तुम्ही शिकत असलेली गोष्ट तुमच्या घामाचा हिशेब असल्यामुळे ती लक्षात राहील. दुसरा तक्ता बचत गटाचा करा: सभासद, मासिक बचत, कर्ज, व्याज, परतफेड. गटाची वही ज्यांच्याकडे आहे त्यांच्याबरोबर बसून एका महिन्याची नोंद करा आणि दोन्ही बेरजा जुळतात का ते पाहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवरील पाठ मराठीत उपलब्ध आहेत आणि विनामूल्य आहेत. त्यातले तक्त्यांचे पाठ पाहताना समोर तुमचाच तक्ता ठेवा.

हे दोन तक्ते तीन-चार महिने नीट चालले, की शेडच्या मालकांना दाखवा. त्यांच्याकडे खुर्ची मागू नका. हंगामात काम तुंबते तेव्हा संध्याकाळचा एक तास वजनाच्या नोंदी करू द्याल का, असे विचारा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत माल येत असतो, त्या मुलालाही मदत हवीच असते. मालक ‘नाही’ म्हणण्याची शक्यता आहे, हेही मी लपवत नाही. शेडवर खाली बसणारी बाई आणि टेबलावर बसणारा मुलगा ही वाटणी कोणत्याही प्रमाणपत्राने एका दिवसात मोडत नाही. पण तासगाव-सांगलीच्या बाजारात एकच शेड नाही. शीतगृहे आहेत, अडत दुकाने आहेत, सौद्याच्या नोंदी आहेत, २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून बहुतेक बीजके संगणकावर निघू लागली, आणि ठरावीक किमतीपेक्षा जास्त माल गाडीने पाठवताना ई-वे बिल (मालवाहतुकीचे ऑनलाईन बिल) लागते. ही सगळी कामे करणाऱ्यांना टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि एक्सेल येणारा माणूस हवा असतो, आणि त्याला बेदाण्यातले कळत असेल तर तो अधिक उपयोगाचा ठरतो. एमएस-सीआयटीनंतर टॅलीचा छोटा वर्ग लावला, तर तुमच्या परिसरात तुमच्याइतकी योग्य उमेदवार शोधावी लागेल.

पैशांबाबत मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. अशा जागांचा सुरुवातीचा महिन्याचा पगार, भर हंगामात तुम्ही निवडणीवर मिळवता त्या रकमेपेक्षा फार मोठा असेलच असे नाही. काही ठिकाणी तो कमीही असेल. तो बारा महिने मिळतो, गुडघे आणि पाठ वाचते, आणि दोन वर्षांच्या अनुभवानंतर त्यात वाढ मागता येते. हा हिशेब पतींबरोबर बसून आकड्यांत करा, म्हणजे पुढे ‘एवढं शिकून हेच का’ अशी निराशा वाट्याला येणार नाही.

‘आमच्यासारख्यांचं हे कामच नव्हं’ या वाक्यावर मी थांबले. हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवलेले आहे, तुम्ही ते स्वतः तयार केलेले नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिच्या परवान्याचा पहिला अर्ज, अर्जदार स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही या कारणासाठी नाकारला गेला होता. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अर्ज केला आणि अधिकाऱ्यांपुढे सांगितले की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही यंत्राशिवाय काढून दाखवतो. त्यांना हिशेब आधीपासून येत होता, त्यावर फक्त लिहिण्याची रीत चढवायची होती. तुमचे आणि संगणकाचे नाते मला याच जातीचे दिसते. शिवाय तुम्ही तर बारावी झालेल्या आहात, तीही आईवडील वर्षातले सहा महिने फडावर असताना. इंग्रजी कच्चे असल्याची चिंता तुम्ही व्यक्त केली आहे. वर सांगितलेल्या कामाला शंभरभर इंग्रजी शब्द लागतात, आणि ते पडद्यावर त्याच जागी रोज दिसत असल्याने आठवड्याभरात ओळखीचे होतात.

पदवीबद्दल तुम्ही ‘आधी की नंतर’ असे विचारले आहे. मी म्हणेन, बरोबरीने. बारावी झाल्यामुळे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात तुम्हाला प्रवेश घेता येतो, वयाचा अडसर नाही आणि कामावर खाडा करून रोज महाविद्यालयात जावे लागत नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि कामकरी माणसांसाठीच स्थापन झालेले आहे. बी.ए. सोपे वाटेल, पण तुमचा ओढा हिशेबाकडे असेल तर बी.कॉम.चा विचार करा, आणि प्रवेश घेण्याआधी तुमच्या जवळच्या अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्कसत्रे खरोखर होतात का, ते तिथे शिकणाऱ्या दोघा-तिघांना विचारून घ्या. प्रवेश अर्ज, शुल्क, स्वाध्याय, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे आता ऑनलाईन असते. दूरशिक्षण घेणाऱ्या कितीतरी स्त्रियांचे वर्ष अभ्यास न झाल्याने वाया जात नाही. परीक्षा अर्जाची तारीख त्यांना कोणी सांगितली नाही म्हणून जाते. तुमचा नंबर आणि तुमचा ईमेल तिथे नोंदलेला असेल, तर ही सूचना थेट तुमच्या हातात येईल. कमवत शिकण्याचे म्हणाल, तर १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी कष्ट करून शिकण्याची रीत आपल्या या भागात घराघरांत पोहोचवली आहे. दिवसा निवडणी आणि रात्री अभ्यास यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

एका कंटाळवाण्या पण अडवणाऱ्या गोष्टीचा उल्लेख केला नाही, तर हा सल्ला अपुरा राहील. गुणपत्रिकेवर तुमचे माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे. संगणकाला हे दोन वेगळे माणूस वाटतात. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करून ग्रामसेवकांकडून विवाह प्रमाणपत्र घ्या, आणि नोकरीसाठी अर्ज करणार असाल तर नावबदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. तो अर्जही ऑनलाईन होतो. तुम्ही मागास प्रवर्गातील आहात. स्त्रीची जात जन्माने ठरते, म्हणून जातीचा दाखला वडिलांच्या कागदपत्रांवरून, माहेरच्या प्रांत कार्यालयातून निघतो. आईवडील ऊसतोडीला गेले की त्यांचे जुने कागद शोधायला घरी कोणी नसते. तेव्हा हे काम पावसाळ्यात, ते गावी असताना उरका. मिळालेला प्रत्येक कागद फोनवर स्वच्छ उजेडात, चारही कोपरे दिसतील असा टिपून ठेवा आणि त्या फाईलला नाव द्या. ‘जातीचा दाखला’ असे नाव दिलेली फाईल मिनिटात सापडते. गॅलरीतल्या चारशे फोटोंत तोच दाखला शोधताना सेवा केंद्रातली रांग पुढे निघून जाते.

सासूबाईंविषयी तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे. मला त्यांच्या बोलण्यात भीती अधिक दिसते. फोनमुळे फसलेल्या, बदनाम झालेल्या मुलींच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या असणार, आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. ही स्थिती एका तुमच्याच घरातली नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या २४.६ टक्के, तर पुरुष ४८.७ टक्के आढळले होते. या अंतरात कितीतरी घरांतला फोन पुरुषाच्या खिशात असणे आहे. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी फोनवर त्यांच्या उपयोगाचे पहिले काम करा. त्यांचे निराधार योजनेचे पैसे जमा झाले का, हे विचारायला त्या दर महिन्याला एसटीने बँकेत जातात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच समोर, खात्याचा संदेश वाचून दाखवा. मुलीला गोष्ट ऐकवायची असेल तर तिघींनी मिळून ऐका. फोन उशाखाली न ठेवता सर्वांच्या देखत कोनाड्यात ठेवा. स्वातंत्र्य असे मागून का मिळवायचे, असा प्रश्न तुम्हाला पडेल आणि तो योग्य आहे. पण तुम्हाला रोज दोन तास शांत हवे आहेत, मुलीला सांभाळणारे माणूस हवे आहे, आणि ते माणूस सासूबाईच आहेत.

फसवणुकीची भीती मात्र खरी माना. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ म्हणून काम देणारे आधी करारावर सही घेतात, मग तुमच्या कामात चुका काढून दंड मागतात आणि कोर्टाच्या नोटिशीचा फोटो पाठवून धमकावतात. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, पोलिसांकडे जा. नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क मागणारा, व्हिडिओला पसंती दिल्याबद्दल आधी शे-दोनशे रुपये देऊन नंतर हजारो भरायला लावणारा, किंवा ओटीपी विचारणारा माणूस कितीही अदबीने बोलला तरी फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा; जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

पतींनी ‘ऑनलाईनचं दुकान’ टाकण्याचे सुचवले आहे. सामाईक सेवा केंद्रासाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि त्यांचे प्रमाणपत्र मिळवणे एवढी पात्रता तुमच्याकडे येऊ शकते, पण जागा, संगणक, प्रिंटर, वीज गेल्यावरची सोय आणि गावात आधीच असलेले केंद्र यांचा हिशेब आज जुळणार नाही. दोन वर्षांनी पाहू. तोवर गावातल्या केंद्रचालकांकडे अर्जांच्या गर्दीच्या दिवसांत अर्धा दिवस मदतीला बसता आले, तर अवश्य बसा.

तुमच्यासारखी पत्रे आणखी आहेत, म्हणून दोन गोष्टी इतर वाचकांसाठी लिहिते. दहावी होऊन घरी बसलेल्या भावाबहिणींसाठी शासकीय आयटीआयमधला संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, ज्याला सगळे ‘कोपा’ म्हणतात, खासगी वर्गांपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि सर्वत्र मान्य आहे; प्रवेश ऑनलाईन होतात, तेव्हा दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच तारखा पाहाव्यात. मिरजेहून एका दृष्टिहीन तरुणाने ‘मला संगणक कसा येणार’ असे विचारले आहे. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, ते मराठीही वाचते, आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असते. त्यांनी माउस विसरून थेट कळफलकाच्या आज्ञांपासून सुरुवात करावी, आणि दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यानुसार शासकीय नोकऱ्यांत असलेल्या चार टक्के आरक्षणासाठी आपले यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, आधी काढून घ्यावे.

ताई, बचत गटाची पुढची बैठक महिन्याच्या दहा तारखेला आहे आणि तिथे तुम्ही ४२,००० रुपयांची मागणी ठेवणार आहात, असे पत्रात आहे. त्या बैठकीत फोन आणि एमएस-सीआयटी एवढ्यापुरतीच रक्कम मागा, आणि गटाच्या हिशेबाचा तक्ता मी फोनवर करून देते, असे सभासदांना सांगा. त्याआधी पोस्टमन गावात कोणत्या वारी येतो ते विचारून ठेवा. आधारला नवा नंबर जोडला गेल्याचा संदेश तुमच्या फोनवर आला, की मला कळवा. प्रवेश अर्ज भरताना काय अडते ते आपण पुढच्या पत्रात पाहू.